कापूसघराचा चढ

यवतमाळ शहर संपतं, लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि कापसाच्या पऱ्हाटीची शेतं सुरू होतात, तिथे एक आर्किटेक्चर कॉलेज उभं आहे. त्याचं नाव इथे सांगत नाही, कारण ते संस्थापकांच्या वडिलांचं नाव आहे आणि त्या बिचाऱ्यांचा या प्रकरणात काडीचाही दोष नाही. इमारत अशी बांधलीय की उन्हाळ्यात वर्गात बसवत नाही आणि पावसाळ्यात जिन्यात उभं राहवत नाही. ती एका मोठ्या वास्तुविशारदाने बांधली आहे, असं नव्या मुलांना पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगतात.

गोष्ट कापसाच्या पडत्या वर्षांतली, २००६ नंतरची. कापसाला भाव नव्हता, पण कापूस पिकवणाऱ्याच्या दुःखाला बऱ्यापैकी होता. दिल्लीहून, मुंबईहून, परदेशातून माणसं यायची, बांधावर उभी राहून गंभीर चेहऱ्याने फोटो काढून घ्यायची आणि जेवून जायची. वाहत्या गंगेत कॉलेजनेही हात धुऊन घेतले. कापूस पट्ट्याला नवं तंत्रज्ञान देण्याची कुठलीशी योजना निघाली होती, तिच्यात अर्ज टाकला. अर्जाच्या पानापानावर शेतकरी होता आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात यंत्रांची यादी होती. यादी मंजूर झाली. शेतकऱ्याचं पुढे काय झालं ते अर्जात विचारलेलं नव्हतं.

अशा रीतीने एक लेझर कटर, एक लाकूड कोरणारं मोठं यंत्र, दोन थ्रीडी प्रिंटर आणि नकाशे छापायचा एक लांबलचक प्लॉटर कॉलेजात आला. दारावर ‘डिजिटल फॅब्रिकेशन लॅब’ अशी पाटी लागली. कंपनीचा माणूस दोन दिवस राहिला, इंग्रजीतून सगळं दाखवून गेला. प्राध्यापकांनी आपापल्या नावाच्या किल्ल्यांच्या पट्ट्या कापून घेतल्या. तिसऱ्या दिवशी लेझरचा आरसा जरासा हलला, यंत्र कापेनासं झालं आणि त्याच्यावर जे प्लॅस्टिक चढलं ते सात महिने उतरलं नाही.

सात महिन्यांनी लॅबचं शटर अडकलं, म्हणून लोहाऱ्यातून एका फिटरला बोलावलं. तो जमीर. शटर सरळ करून झाल्यावर त्याची नजर प्लॅस्टिककडे गेली. “हे बंद काहून हाय?” त्याने शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, “मोठं यंत्र हाय बापा, त्याले मोठाच माणूस लागते.” मोठा माणूस काही येत नव्हता. जमीरने झाकण उघडलं, आरसा स्पिरिटने पुसला, कागदाचा कपटा चिकटवून किरण कुठे पडतो ते पाहिलं, दोन स्क्रू फिरवले. संध्याकाळी यंत्र कापायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात त्याला ‘तांत्रिक सहायक (हंगामी)’ असा कागद मिळाला. अकरा महिने नोकरी, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. तो हंगाम पुढे नऊ वर्षं झाली तरी संपला नाही.

जमीर हा पांढरकवड्याच्या अब्दुल गनींचा मुलगा. हैदराबाद रस्त्यावर ट्रकची लाकडी बॉडी बांधण्यात गनीमियांचं नाव होतं. त्यांची कामाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक चुकीचं माप सांगे, फाळका इतका ठेवा, कडी तिथे ठोका. गनीमिया मान डोलवत आणि जे बरोबर असेल ते मुकाट्याने करत. गिऱ्हाईक खूश होऊन आपल्याच डोक्याचं कौतुक करत गाडी घेऊन जाई. मालकाची चूक चारचौघांत काढणं म्हणजे कारागिराची बदतमिजी, असं ते मानत. हे जमीरच्या अंगात लहानपणापासून मुरलं होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

कॉलेजात मुलं आपल्या इमारतीचे नकाशे संगणकावर काढून आणायची. यंत्र त्या रेघांवरून पातळ लाकडाचे तुकडे कापून द्यायचं आणि ते चिकटवले की इमारतीचं छोटं मॉडेल तयार. यंत्राला अक्कल नसते, रेघ जाईल तिकडे ते जातं. पहिल्याच वर्षी शीला नावाच्या मुलीचा नकाशा आला. त्यात जिना असा होता की वरच्या मजल्यावर पोचायला माणसाला शेवटच्या चार पायऱ्या पोटावर सरपटत चढाव्या लागल्या असत्या. परीक्षा दुसऱ्या दिवशी. पोरगी तीन रात्री जागलेली, डोळे सुजलेले. जमीरने तिला चहा प्यायला पाठवलं, जिना मधोमध मोडून वळवला आणि कापून, चिकटवूनही ठेवला. शीलाला पहिला वर्ग मिळाला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, जिन्याचा विचार फार परिपक्व आहे. शीलाने तो विचार परीक्षकांसोबतच पहिल्यांदा पाहिला, पण मान मात्र तिने झकास डोलावली.

मग ती रीतच पडून गेली. दार उघडलं की भिंतीवर आपटणारं, संडास स्वयंपाकघरातून, खांब बरोबर दरवाजाच्या मधे, छपराचं पाणी थेट देवघरात, असं काय काय यायचं. जमीर पेन्सिल कानावर ठेवून नकाशा बघायचा, “ठेवून जा, चार वाजता ये,” म्हणायचा आणि दुरुस्त करून कापायचा. कुणालाच काही बोलला नाही. नऊ वर्षांत कॉलेजचं नाव झालं. इथल्या मुलांची मॉडेलं पाहायला नागपूरहून लोक येऊ लागले. वार्षिक अंकात प्राचार्यांनी लिहिलं की आमच्या शिक्षणपद्धतीचं हे यश आहे. त्या शिक्षणपद्धतीच्या अंगाला दिवसभर जळक्या लाकडाचा वास यायचा आणि ती घरी गेली की जमीरची बायको गझाला तिला आधी न्हाणीत पाठवायची.

या कॉलेजात गावंडे सर होते. आठ महिने परदेशात शिकून आलेले, खादी घालणारे, बोलताना दर वाक्यात एकदा ‘माती’ म्हणणारे. दर वर्षी चौथ्या वर्षाची तुकडी घेऊन ते राळेगावकडच्या एका बंजारा तांड्यावर अभ्यासाला जात. दर वर्षी तोच तांडा, कारण तिथे गाडी अगदी झाडाखाली उभी करता येई. तिथल्या मानीबाईचं घर नऊ तुकड्यांनी मोजलं होतं. मुलं आली की ती स्वतःच टेपचं टोक धरून कोपऱ्यात उभी राहायची. “अथीसून धरा, मांगच्या पोट्ट्यायनं भिंतीची जाडी सोडली होती,” असं सांगायची. प्रश्नांची उत्तरं तिला क्रमाने पाठ होती. एकदा एका मुलाने तिसरा प्रश्न आधी विचारला, तेव्हा ती म्हणाली, “थांब बापू, पहिले पाण्याचं विचार.”

या नऊ वर्षांत मुलांनी मानीबाईच्या तांड्यासाठी काय नाही काढलं. ध्यानमंदिर काढलं, समुपदेशन केंद्र काढलं, कापसाचं संग्रहालय काढलं, उघडं नाट्यगृह काढलं. नकाशात माणसं म्हणून जी चित्रं टाकत ती संगणकात आयती मिळत, त्यामुळे तांड्याच्या नाट्यगृहात गोऱ्या बाया लॅपटॉप घेऊन बसलेल्या असत आणि एक माणूस हमखास कुत्र्याला फिरवत असे. मानीबाईला काय हवं हे ती दर वर्षी शेवटच्या प्रश्नाला सांगायची. भाव चढेल या आशेने लोक कापूस घरातच भरून ठेवायचे. दिवाळीपासून होळीपर्यंत पुढची खोली कापसाने कडीपाटाला लागायची. चुलीची ठिणगी उडेल म्हणून सून नंदाबाई थंडीत बाहेर स्वयंपाक करायची, पोरांच्या अंगावर कापसातल्या किड्यांनी चट्टे उठायचे. “आमाले कापसासाठी एक घर पाह्यजे सर,” मानीबाई म्हणायची. “माणसाले घर हाय. फक्त त्यात कापूस राह्यते.”

दहाव्या वर्षी गावंडे सरांनी ते ऐकलं. खरं ते खरं म्हटलं पाहिजे, ऐकलं आणि मनावरही घेतलं. तांड्याने मिळून वापरायचं एक कापूसघर त्यांनी काढलं. नाल्याचं पाणी शिरू नये आणि ट्रक पाठ लावून उभा राहिला की माल सरळ आत लोटता यावा, म्हणून जोतं चार फूट उंच घेतलं. कल्पना नामी होती. बैलगाडी वर नेण्यासाठी समोरून एक चढ काढला, बारा फूट लांबीचा. चार फूट उंची बारा फुटांत. जास्त लांब केला तर दर्शनी भाग झाकला जाई आणि फोटो चांगला येत नसे.

नकाशा जमीरकडे आला. जमीरने पाहिलं आणि तो मनाशी हसला. भरल्या गाडीला बैल जुंपून त्या चढावर घातले असते तर गाडीने बैलांना मागे खेचत नाल्यात नेलं असतं. त्याने नेहमीसारखी पेन्सिल कानावर ठेवली. चढ समोरून काढून बाजूच्या भिंतीला लागून घेतला, चाळीस फूट लांब केला, दरवाजा बाजूला सरकवला. प्रत्यक्षाच्या पंचविसाव्या हिश्शाचं मॉडेल तयार झालं. सरांनी ते सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, “वा.” चढ कुठे गेला हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर तो आपल्यालाच सुचला होता असं त्यांना वाटलं. मॉडेल घेऊन सर मुंबईला गेले. तिथल्या पैसे देणाऱ्या लोकांना ते इतकं आवडलं की कापूसघर मंजूर झालं, मॉडेल प्रदर्शनासाठी तिथेच राहिलं आणि एका दैनिकात सरांचा बांधावरचा फोटो आला.

महिन्याने बांधकामाचे नकाशे छापायला आले, कारण प्लॉटरही जमीरच सांभाळायचा. कागद सरसर बाहेर येत होता. जमीरने सहज नजर टाकली आणि वाकून पुन्हा पाहिलं. चढ समोर होता. बारा फुटांचा होता. मॉडेल सुधारलं होतं, कागद जिथल्या तिथे होता, आणि आता कागदावरून खरोखरचं घर बांधलं जाणार होतं.

तो तसाच सरांकडे गेला. “सर, चढ थोडा आखूड वाटते. भरली बैलबंडी चढणार नाई.”

“तू मॉडेल पाहिलंस ना? तूच कापलंस.”

“हो सर, पण...”

“त्यात अडचण दिसली कुणाला? मुंबईत तज्ज्ञ होते, जमीर. प्रत्येकाने चढाचं कौतुक केलं.” सर प्रेमाने म्हणाले. “डिझाइनची काळजी तू नको करूस. लेझरचा आरसा सांभाळ.”

आता काय बोलणार? चूक दाखवायला गेलं की त्याचंच मॉडेल त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं. आणि मी ते परस्पर बदललं, हे कबूल केलं तर अकरा महिन्यांचा पुढचा कागद निघणार नव्हता. घरी मुलगी कशफ दहावीत होती. जमीर परत लॅबमध्ये येऊन बसला आणि त्या दिवशी त्याने एका मुलाची खिडकी दोनदा चुकीची कापली.

घरी त्याने सगळं सांगितलं. गझालाने भाकरी तव्यावर टाकता टाकता ऐकलं. “नौ साल से तुमीच उनको होशियार बना रहे,” ती म्हणाली. “अब वो सच में होशियार समझ रहे खुद को, तो उनका क्या कसूर?” अब्दुल गनी खाटेवर पडून होते. डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते. ते म्हणाले, “मैं गाडी बनाता था बेटा. गाडी सुधारी, बात खतम. तू खिलौना सुधारता है. गाडी तो अभी बननी है.”

तेवढ्यात भूमिपूजन ठरलं. जागेवर दाखवायला मॉडेल हवं, आणि पहिलं तर मुंबईत काचेच्या पेटीत. सर लॅबच्या दारात येऊन म्हणाले, “तेच पुन्हा काप. आठवड्यात पाहिजे.”

“नकाशाप्रमाणे कापू सर?”

“अर्थात. दुसरं कशाप्रमाणे कापतोस?”

सर गेले. जमीर पडद्यासमोर बसला. त्याच्या संगणकात दोन्ही होते, स्वतः बदललेले तुकडे आणि सरांचा मूळ नकाशा. बोट दाबायचा काय तो प्रश्न. पहिलं कापलं तर सगळे खूश, फोटो, पेढे, आणि तांड्यावर एक सुंदर रिकामी इमारत. मानीबाईच्या पुढच्या खोलीत कापूस तसाच. त्याने सरांचा नकाशा उघडला आणि एकही रेघ न हलवता कापला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने कॉलेजचं काम कॉलेजने सांगितलं तसं केलं. उरलेल्या तुकड्यातून त्याने त्याच मापाची एक बैलगाडी कापली. चाकं फिरती ठेवली, वर शिगोशीग कापूस भरला आणि आत शिशाचा एक गोळा ठेवला, म्हणजे वजनही हिशेबात राहावं.

भूमिपूजनाला तांड्यावर मांडव पडला होता. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, गावंडे सर, जिल्ह्याच्या बांधकाम खात्याचे एक इंजिनिअर आणि समोर सगळा तांडा. मॉडेल टेबलावर मांडलं होतं. सर मातीबद्दल पंधरा मिनिटं बोलले. लोकांनी शांतपणे ऐकलं, माती त्यांच्या ओळखीची होती. मग अध्यक्ष म्हणाले, “मानीबाई, या, तुमचं घर बघा.”

मानीबाई पुढे आली. इतकी वर्षं कागद बघून बघून तिची नजर तयार झाली होती. ती मॉडेलभोवती एक चक्कर मारून आली आणि चढासमोर थांबली. “हे बंडी कोणाची हाय?” जमीर म्हणाला, “तुमचीच समजा मावशी.” तिने गाडी उचलली, चढाच्या पायथ्याशी ठेवली आणि बोटाने हलकेच वर ढकलली. बोट काढताच गाडी घरंगळत खाली आली, टेबलावरून सरळ अध्यक्षांच्या ताटातल्या पेढ्यांत जाऊन थांबली. तांडा हसला. मानीबाई हसली नाही. तिने गाडी पुसली, पुन्हा ठेवली, पुन्हा सोडली. गाडी पुन्हा खाली आली.

“सर, बैल मरन ना माहा,” ती म्हणाली.

इंजिनिअर खुर्चीवरून उठले. त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली, उंची मोजली, लांबी मोजली आणि भुवया वर केल्या. गावंडे सरांचा चेहरा पडला. पण सर प्राध्यापक होते, सावरायला त्यांना वेळ लागला नाही. “मॉडेल कापण्यात चूक झाली आहे,” ते म्हणाले. “मुंबईचं मॉडेल बरोबर आहे. टेक्निशियनने घाई केली. जमीर, काय केलंस हे?”

सगळ्यांनी जमीरकडे पाहिलं. मान खाली घालून ‘माफ करा सर’ म्हणणं त्याला सहज जमलं असतं, आयुष्यभर तेच जमत आलं होतं. “नाई सर,” तो म्हणाला. “या मॉडेलात माही चूक नाई. हे तुमच्या नकाशावानी हाय, रेघ न रेघ. चूक मी त्या मुंबईवाल्यात केली. त्यात मी चढ बदलला अन् तुमाले सांगतलं नाई.”

“आणखी कशात बदललंस?” प्राचार्यांनी विचारलं. तो प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. जमीर खोटं बोलत नसे. “सगळ्यायच्याच मॉडेलात बदलत आलो सर,” तो म्हणाला. “नऊ वर्सं झाले.”

मग चौकशी समिती बसली. तीन प्राध्यापक, त्यातले दोन असे की ज्यांच्या मुलांची मॉडेलं जमीरनेच सरळ केली होती. समितीने चार बैठकांनंतर जमीरला दोन आरोपांचं पत्र दिलं. पहिला, नऊ वर्षं विनापरवानगी नकाशांत फेरफार केले. दुसरा, दहाव्या वर्षी आवश्यक तो फेरफार केला नाही आणि संस्थेची मानहानी केली. दोन्ही आरोप एकाच कागदावर होते, खाली एकच सही होती. काढून टाकायचंही ठरलं होतं. पण आठ दिवसांवर परीक्षा आली, लेझरचा आरसा पुन्हा हलला आणि दुसऱ्या कुणाला तो सरळ करता येईना. तेव्हा समितीने उदार अंतःकरणाने त्याला ताकीद देऊन सोडलं, यापुढे प्रत्येक नकाशा जसाच्या तसा कापावा.

जमीरने ताकीद तंतोतंत पाळली. त्या वर्षीच्या परीक्षेत दारं भिंतींवर आपटली, जिने छतात घुसले, एका रुग्णालयाला दरवाजाच नव्हता. परीक्षक एकमेकांकडे बघत राहिले. प्राचार्यांनी वार्षिक अंकात शिक्षणपद्धतीबद्दल काही लिहिलं नाही. त्यानंतर मुलं नकाशा घेऊन आधी जमीरपुढे उभी राहू लागली. तो हात लावत नसे, पण आता तोंडावर सांगत असे, “हे चुकलं, हे चुकलं, घरी जाय अन् नीट करून आण.” मुलं चिडायची, दोन जणींना रडू आलं. पण पुढच्या खेपेला त्यांचे जिने वळायला लागले, आणि ते त्यांनी स्वतः वळवलेले असत.

कापूसघराचं काय झालं, ते राहिलं. नकाशा सुधारून सही करायला गावंडे सर तयार नव्हते, कारण सही केली म्हणजे आधीचा चुकला हे मान्य केल्यासारखं. सुधारित नकाशाला नवी मंजुरी, तिला वर्ष. इंजिनिअर कामाचे माणूस होते. त्यांनी मुंबईचं मॉडेल परत मागवलं आणि जुन्याच नकाशावर एक ओळ लिहिली, ‘चढ व इतर तपशील मॉडेलप्रमाणे.’ सरांनीही त्याला हरकत घेतली नाही, मॉडेल त्यांच्याच नावावर होतं. मिस्त्री रामधनने मॉडेल मांडीवर घेतलं, टेप लावला आणि दिसेल ते माप पंचवीसने गुणत घर उभं केलं.

दिवाळीनंतर मानीबाईची पहिली बंडी चाळीस फुटांच्या चढावरून मजेत वर गेली. त्या हिवाळ्यात नंदाबाईने पुढची खोली शेणाने सारवली आणि चूल आत आणली.

माघात नवी तुकडी घेऊन सर तांड्यावर आले. त्या वर्षापासून ते जमीरलाही गाडीत घेत. काहून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि जमीरने विचारलं नाही. मुलांनी आता कापूसघरच मोजायला घेतलं. मानीबाई सवयीने टेपचं टोक धरून उभी राहिली. एका मुलीने वर बोट दाखवलं. दाराच्या वर, छपराच्या लगेच खाली भिंतीत एक आडवी फट होती, सव्वातीन फूट लांब, फूटभर उंच. ना खिडकी, ना झरोका.

“सर, ही कशासाठी?”

गावंडे सरांनी वर पाहिलं. थोडा विचार केला. “गरम हवा वर चढते,” ते म्हणाले. “कापूस कोंदू नये म्हणून तिला वाट दिली. याला म्हणतात मातीतून आलेलं शहाणपण.” मुलांनी भराभर लिहून घेतलं.

जमीरनेही वर पाहिलं आणि त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मुंबईच्या मॉडेलचं छप्पर निघणारं होतं. ते उचलताना बोटं आत जावीत म्हणून त्याने तिथे एक खाच ठेवली होती, दोन बोटांची. रामधनने तीही पंचवीसने गुणली होती. खऱ्याखुऱ्या विटांत, खऱ्या सिमेंटात जमीरची दोन बोटं तिथे बसली होती, आणि खालून कापूस भरलेल्या बंड्या जात होत्या. कोनशिलेवर आठ जणांची नावं होती, त्यात त्याचं नव्हतं, आणि त्या क्षणी त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

ती मुलगी वही घेऊन त्याच्याकडे आली. आताशा मुलं सगळंच त्याला दाखवून घेत. “जमीरभाई, बघा ना. फट, सव्वातीन फूट बाय एक फूट, हेतू हवा खेळती ठेवणे. काही चुकलं का?”

जमीरने वही हातात घेतली, दोनदा वाचली.

“बरोबर हाय,” तो म्हणाला.